पोरीसोबत मेटल ऐकायला

आवाजाची आम्हाला सवय आहे. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या उंद्रीत लग्नसराई लागली की एकेका संध्याकाळी दोन-दोन, तीन-तीन वराती निघतात. टेम्पोवर खोक्यावर खोकं रचलेलं, मागे धूर सोडणारा जनरेटर, पुढे घामाघूम पोरं. घरावरचे पत्रे थरथरतात, कपाटाच्या काचा वाजतात, झोळीतलं लेकरू दचकून उठतं. वरात कोणाची आहे हे आवाजावरून ओळखता येत नाही, फक्त गाणी बदलतात. अजान झाली की डीजेवाला दोन मिनिटं बटण खाली करतो, आमच्या लोकांची वरात असो वा दुसऱ्यांची, हेही सांगायला हवं. दहावीची परीक्षा मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही.

अशा गावात राहून आम्हाला आवाजाचं भय वाटायला नको होतं. पण थोरलीने पुण्याहून फोनवर "हेवी मेटल" असा शब्द उच्चारला तेव्हा घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही.

आम्ही दोघंही शाळामास्तर. कलम एकाच्या हातात असली तरी या प्रकरणात जे झालं ते दोघांचं झालं, म्हणून "आम्ही". आमची थोरली पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, इलेक्ट्रॉनिक्स, तिसरं वर्ष, मुलींच्या होस्टेलवर राहते. अभ्यासात बरी, नमाजेची पक्की, धाकट्याला फोनवर गणित शिकवणारी. तिने सांगितलं की पुण्यात एक दिवसाचा छोटा कार्यक्रम आहे, जवळजवळच्या तीन जागा, दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत अकरा बँड. त्यातल्या एका जागी आवाजाच्या मशीनवर मदतीला तिला बोलावलं आहे. "मैं बिना पूछे नहीं जाऊँगी," ती म्हणाली. आणि लगेच पुढे, "लेकिन ना कहने से पहले तुम दोनों आके देखो तो सही."

ना म्हणायला आमच्याकडे कारणं भरपूर होती. रात्रीची वेळ, परका जमाव, मुलं-मुली एकत्र. आणि संगीताचा प्रश्न. वाचकांना ठाऊक आहे की या बाबतीत आपल्या उलमांमध्ये एकमत नाही. एका बाजूला वाद्यांना साफ मनाई करणारे आहेत. दुसऱ्या बाजूला इमाम गझाली यांच्यासारखे थोर विद्वान आहेत, ज्यांनी आपल्या इह्या-उल-उलूममध्ये समाअवर एक स्वतंत्र भाग लिहिला आणि ऐकणाऱ्याची नियत काय, गाण्यात काय आहे, मैफिलीत सोबत काय चालतं, हे सगळं तपासून मग हुकूम लावला. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली डफ वाजवून गात होत्या आणि हुजूर (स.) यांनी त्यांना थांबवू दिलं नाही, हे तर आपण मदरशातल्या मुलांनाही सांगतो. कॅट स्टीव्हन्सचं उदाहरण आमच्या पिढीला माहीत आहे. 1977 मध्ये इस्लाम कबूल केला, युसूफ इस्लाम झाले, गिटारी विकून टाकल्या, शाळा चालवल्या. आणि जवळपास तीन दशकांनी, 2006 मध्ये, पुन्हा गाण्यांचा संग्रह काढला. एकाच माणसाने, एकाच ईमानाने, दोन वेळा दोन निर्णय घेतले. आम्ही कोणाला फतवा द्यायला बसलेलो नाही. आमच्या घरात एकजण या बाजूला जास्त झुकतो, एकजण त्या बाजूला, आणि वीस वर्षांत त्यावरून चूल बंद पडलेली नाही.

पोरीला हा नाद लागला कसा, तेही सांगतो. अकरावीत असताना तिने मोबाइलवर इंडोनेशियाच्या तीन मुली पाहिल्या. डोक्यावर हिजाब, हातात गिटार. बँडचं नाव व्हॉइस ऑफ बासेप्रोत. बासेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदानी भाषेत गोंगाट करणारे, बडबडे. पश्चिम जावातल्या गारुत भागातल्या खेड्यातल्या या मुली, 2014 मध्ये इस्लामी शाळेत शिकत असताना एकत्र आल्या, आणि त्यांना या संगीताची ओळख करून देणारा त्यांच्याच शाळेतला मास्तर होता. (हे ऐकल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर लोक काय काय उद्योग करतात!) गावातून विरोध झाला, धमक्या आल्या. पुढे 2022 मध्ये त्या जर्मनीतल्या वाकेन या मेटलच्या मोठ्या उत्सवात वाजवून आल्या, आणि 2024 मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरीत वाजवणारा इंडोनेशियाचा पहिला बँड ठरल्या. हिजाब त्यांनी उतरवला नाही. आमच्या पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर या तिघींची नावं सुरेख उर्दू अक्षरात लिहिलेली आम्ही तेव्हाच पाहिली होती. अक्षर बघून खूश झालो होतो, मजकूर विचारला नव्हता.

शेवटी चिखलीहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरली. पुण्यात पोरीचे मामू कोंढव्याला राहतात. तिथून जवळच एक उंद्री आहे, पुण्याची उंद्री, उंच इमारतींची. रिक्षावाल्याने गाव विचारलं, आम्ही उंद्री सांगितलं, तर तो म्हणाला, "मग काय, घरचेच की तुम्ही!" आणि त्या उंद्रीतल्या भाड्यांच्या तक्रारी सांगू लागला. आमच्या उंद्रीत भाड्याने खोली देणाऱ्यालाच गिऱ्हाईक शोधावं लागतं, हे त्याला सांगायचं राहून गेलं. मामूंना आम्ही "पोरीच्या कॉलेजचा कार्यक्रम" इतकंच सांगितलं. मुमानींनी भजी बांधून दिली.

कार्यक्रमाच्या तिन्ही जागा पायी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर होत्या. एक जुन्या गोदामाचा हॉल, एक नाटकाच्या तालमीची खोली, जेमतेम ऐंशी माणसं मावतील अशी, आणि एक हॉटेल, ज्याच्या आत बार होता. थोरलीने हे आधीच सांगितलं होतं आणि तिचं काम गोदामात होतं. मनगटाला कागदी पट्टी बांधत होते, पंचवीसच्या वरच्यांना एका रंगाची, खालच्यांना दुसऱ्या. महाराष्ट्रात दारूसाठी वय पंचवीस आणि बिअरसाठी एकवीस लागतं, त्यासाठी ही व्यवस्था. आमच्या पट्ट्या पाहून दारावरचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्हाला सगळं चालेल." आम्ही म्हटलं, "बेटा, आम्हाला पाणी चालेल."

पहिला बँड सुरू झाला आणि छातीच्या आत काहीतरी हललं. कानात नव्हे, छातीत. ढोलकीवाला दोन्ही पायांनी दोन पट्ट्या हाणत होता, शिलाई मशीनसारख्या. गाणारा मुलगा, बारीक चणीचा, चष्म्याचा, असा गुरगुरत होता की त्याचा घसा फाटेल असं वाटलं. थोरलीने नंतर समजावलं की ती ओरड नाही, रियाज आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला जे पडदे असतात ते थरथरवायचे, मग घसा बसत नाही. मेटलच्या गिटारीचा तो खरखरीत आवाजही बिघाड नसून मुद्दाम केलेला असतो. यंत्राला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर दिला की आवाजाच्या लाटेचा शेंडा छाटला जातो, आणि छाटलेल्या शेंड्यातून नवे स्वर जन्मतात. हे सांगताना पोरगी अशी रंगली होती की आम्हाला आमचा तास घेणारी एखादी तरुण बाई समोर उभी आहे असं वाटलं.

या संगीताचा जन्म कुठला, तर इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं शहर. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामावर त्याच्या दोन बोटांची टोकं यंत्राने कापली गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बोट दुखू नये म्हणून तारा पातळ लावल्या, पुढे त्या ढिल्याही सोडल्या. ढिल्या तारांचा आवाज जाड आला आणि 1971 मध्ये त्यांच्या तिसऱ्या संग्रहात जगाने तो ऐकला. आमच्याकडे उसाच्या चरकात, थ्रेशरमध्ये बोटं गेलेली माणसं आहेत. त्यांच्या हातून काय निघालं असतं, कोणी विचारलं नाही.

आपल्याकडेही ही गोष्ट जुनीच आहे. मुंबईत 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा मेळा भरायचा, धोबी तलावच्या उघड्या रंगभवनात पोरं गर्दी करायची. पुढे आवाजाचे नियम आले, शेजारी कॉलेज, दवाखाने, तेव्हा तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन अशा कार्यक्रमांना बंद झालं. नियम योग्यच होता. पण त्याचा एक परिणाम आम्हाला त्या संध्याकाळी उमगला. उघडी, स्वस्त, सगळ्यांना जाता येईल अशी जागा गेली की असं संगीत जिथे भाडं परवडतं तिथे जातं, आणि भाडं बहुतेक वेळा दारू भरते. मग आमच्यासारख्यांच्या मुलीने काय करायचं?

तिसरा बँड मराठीत गात होता. आम्ही दोघं मराठी शिकवणारे, आणि एक शब्द कळेल तर शपथ. बाजूच्या मुलाने आपल्या मोबाइलवर ओळी काढून दाखवल्या. आजोबांचं वावर रस्त्यात गेलं, पैसा आला, पैशाची गाडी आली, गाडी उभी करायला वावर उरलं नाही, असा काहीसा आशय होता. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलेला आहे. असे आजोबा आम्हाला माहीत आहेत. गाणं पुन्हा ऐकलं तेव्हाही शब्द कळले नाहीत, पण राग कळला.

सगळंच बरं होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. कवट्या, रक्त, सैतानाची चित्रं छापलेले शर्ट होते. एका शर्टावर असं काही होतं की आम्ही नजर वळवली. पोरं म्हणतात ती नुसती नाटकातली भुतं आहेत. असतील. आम्हाला आवडली नाहीत, आजही आवडत नाहीत, आणि थोरलीच्या अंगावर तसला शर्ट आम्हाला नको आहे, हे तिला सांगून झालं आहे. तिचं म्हणणं, तिलाही नको. तिच्या अंगावर त्या दिवशी काळा कुर्ता आणि मुमानींनी दिलेला करड्या रंगाचा स्कार्फ होता.

मधोमध पोरं एकमेकांना धडका देत गोल फिरत होती. आम्हाला वाटलं, आता मारामारी होणार. वरातीत नाचताना धक्का लागला की काय होतं ते आम्ही पाहिलेलं आहे. इथे एक मुलगी पडली आणि त्याच क्षणी पाच-सहा हात खाली गेले, तिला उभं केलं, एकाने तिचा चष्मा शोधून दिला, आणि पुन्हा धडका सुरू. हा म्हणे यांचा कायदाच आहे. पडलेल्याला आधी उचलायचं.

आत शिरतानाच थोरलीने आमच्या हातात फोमचे पिवळे बोळे ठेवले होते. पिळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे, फुलेपर्यंत बोटाने धरायचे. हिशेब असा की 85 डेसिबल आवाज माणूस दिवसाला आठ तास सोसू शकतो, आणि दर तीन डेसिबलला सोसण्याची वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 100 डेसिबलला अवघी पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा, कानांसाठी बोळे आणि कानांना विसावा देणारी एक शांत खोली सुचवली आहे. गोदामाच्या दाराशी बोळ्यांची बरणी ठेवलेली होती. थोरलीच्या टेबलावरच्या फोनमध्ये आकडा 97 ते 101 च्या मध्ये फिरत होता आणि तो वर सरकला की ती हाताने एक दांडी खाली ओढायची. दिवाळीच्या सुट्टीत तिने उंद्रीत एका वरातीजवळ हाच फोन धरला होता. तेव्हा 110 आले होते. फोनचं मोजमाप अंदाजाचंच, पण टेम्पोपुढे नाचणाऱ्या सात-आठ वर्षांच्या लेकरांच्या कानात काहीच नव्हतं. वर्गात मागच्या बाकावरून "सर, पुन्हा सांगा" म्हणणारी पोरं आता आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. आपल्या नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, वाचकांनी एकदा आपल्या मोहल्ल्यात मोजून पाहावं. आपल्या जुलूसमध्येही.

मगरिबची वेळ झाली. गोदामामागे सामान ठेवायची खोली होती. थोरलीने वरिष्ठ साउंडवाल्याला विचारलं, तो कोणत्या समाजाचा ते आम्ही विचारलं नाही. त्याने तारांची वेटोळी बाजूला सारली, आपली स्वच्छ चादर अंथरली आणि दाराबाहेर कोणी येऊ नये म्हणून स्वतः उभा राहिला. पुढचा बँड तयार होता, त्यांना त्याने बोटं दाखवून थांबवलं. तिघांनी जमातीने नमाज पढली. पलीकडे कोणीतरी ड्रमची चाचणी घेत होतं, धप, धप, धप, आणि सलाम फिरवेपर्यंत तीही बंद झाली.

खरी अडचण आठच्या सुमारास आली. हॉटेलमधला साउंडवाला आजारी पडून घरी गेला. आयोजकांपैकी एक मुलगी धावत आली आणि थोरलीला म्हणाली, "तू चल, शेवटचे दोन बँड तूच सांभाळ." एक वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली तारा गुंडाळणाऱ्या पोरीला पहिल्यांदा अख्खं मशीन मिळत होतं. आणि ते बारमध्ये होतं.

थोरली काही बोलली नाही. आमच्याकडे पाहिलंही नाही, हातातली वायर गुंडाळत राहिली. ज्या दस्तरखानावर शराब फिरते तिथे बसू नये, हे तिला आम्हीच शिकवलं आहे. आम्ही दोघं रस्त्यावर आलो आणि पानटपरीशेजारी उभं राहून भांडलो, हळू आवाजात, कारण बोळे काढल्यावर आपलाच आवाज मोठा वाटतो. एकाचं म्हणणं, बसणं आणि काम करणं वेगळं, नर्स दारुड्याला सलाइन लावते तेव्हा ती मैफिलीत बसलेली नसते. दुसऱ्याचं म्हणणं, नर्सला जीव वाचवायचा असतो, इथे कोणाचा जीव अडलेला नाही, आज एकदा गेली की उद्या विचारणार नाही. दोन्ही खरं होतं आणि घड्याळ पुढे जात होतं.

शेवटी थोरलीनेच बाहेर येऊन विचारलं, "मशीनचं टेबल कुठे आहे ते आधी बघू का?" ते टेबल आत नव्हतं. हॉटेलच्या मागच्या दाराशी, पत्र्याच्या पडवीत, जिथून स्टेज दिसत होतं आणि बार दिसत नव्हता. अम्मी तिच्याबरोबर पडवीत जाऊन बसली, पर्स मांडीवर घेऊन, पूर्ण दीड तास. अब्बा बाहेर फुटपाथवर. भिंतीतून फक्त जाड आवाज बाहेर येत होता, बारीक सगळे आत राहत होते. त्याने चार चहा घेतले आणि मुमानींची भजी दारावरच्या मुलाबरोबर वाटून खाल्ली. तो मुलगा जालन्याचा निघाला. आतून मध्येच एक वेटर पेल्यांचा ट्रे घेऊन पडवीतून गेला तेव्हा अम्मीने तोंड फिरवलं, आणि थोरलीचं लक्ष दांड्यांवर होतं, तिने ट्रे पाहिलाही नाही. हे अम्मीने नंतर सांगितलं. त्यात समाधान होतं की काळजी, आमच्यात अजून ठरलेलं नाही.

दहाला पाच कमी असताना सगळं बंद झालं. शेवटच्या बँडचा गाणारा माइकवर म्हणाला, आजचा आवाज ज्यांनी सांभाळला त्यांच्यासाठी टाळ्या, आणि पडवीकडे हात केला. लोक वळून पाहू लागले. तिथे एक स्कार्फवाली पोरगी आणि पर्स धरून बसलेली तिची आई.

कोंढव्याला परतताना रिक्षात थोरली आमच्या मध्ये बसली होती. मामूंनी विचारलं, कॉलेजचा कार्यक्रम कसा झाला. थोरलीने आमच्याकडे पाहिलं आणि मामूंना सगळं सांगून टाकलं, बार आणि पडवीसकट. मामू बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांनी त्यांच्या तरुणपणी मालेगावच्या उरुसात रात्रभर कव्वाली ऐकून फजरला घरी आल्याची आणि वालिदांनी दार न उघडल्याची हकिगत सांगितली. ती मुमानींनाही नवी होती.

आता पुढच्या वर्षीचं ठरायचं आहे. थोरलीला पैसे देऊन बोलावलं आहे, तीन हजार रुपये, तिची पहिली कमाई होईल. आम्ही दोन गोष्टी सांगितल्या आहेत. काम गोदामात किंवा तालमीच्या खोलीतच, आणि आमच्यापैकी एकाने सोबत यायचं. दुसऱ्या अटीवर ती हसली आणि म्हणाली, "अम्मी को ही लाना, अब्बा चाय बहुत पीते हैं." पहिल्या अटीबद्दल तिने आयोजकांना लिहिलं आहे, त्यात आपल्यासारख्या अजून दोन मुली येऊ इच्छितात, त्यांनाही बारमध्ये जाता येत नाही, तिसरी जागा एखाद्या शाळेचा हॉल घेता येईल का, असंही विचारलं आहे. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.